गेनूचे राहून गेलेले रुसणे

त्या सकाळी रखमाजीने जावयाला 'बाळ' म्हणून हाक मारली आणि गेनूच्या हातातला तांब्या हिंदकळला.

लग्नाला दोन वर्षे होत आली होती. एवढ्या काळात सासऱ्याने त्याला 'पासलीकर' म्हटले होते, 'मुका' म्हटले होते, एकदा रागाच्या भरात 'खाचरातलं बुजगावणं' म्हटले होते. पण बाळ कधी म्हटले नव्हते. गेनूने तांब्या खाली ठेवला आणि मागे वळून पाहिले. मागे कुणीच नव्हते.

"बाळ, दमला असशील. बस जरा," रखमाजी म्हणाला, आणि डोळे मिटून मंद हसला.

शेजारच्या खाटेवर हात मोडून पडलेला हैबती धनगर उठून बसला. "पाव्हणं, म्हातारा तुमास्नीच म्हनला का?"

गेनूने नुसती मान हलवली. तो घाबरला होता, पण पोटातले ओठांवर आणण्याची कला त्याला कधीच साधली नव्हती.

भोर तेव्हा संस्थान होते. नीरेच्या काठी एका व्यापाऱ्याने आपल्या आईच्या स्मरणार्थ धर्मादाय दवाखाना बांधला होता. लांबट कौलारू इमारत, आत एका ओळीत खाटा, मागे नातलगांना चूल मांडण्यासाठी पत्र्याची पडवी आणि पुढे एक मोठी चिंच. रखमाजी हिर्डोशीचा. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून झाडाच्या फांद्या तोडत असता कोयता निसटला तो थेट पोटरीत. गाडीत घालून त्याला भोरला आणले, डॉक्टरांनी जखम शिवली, वर जाड पट्टी बांधली. रखमाजीला मुलगा नव्हता. एकुलती एक लेक फुला, ती वेल्ह्याकडच्या पासली गावी गेनूला दिलेली. आता फुला माहेरी राहून बापाची गुरे राखीत होती, सासू बाळाबाई पडवीत भाकरी थापीत होती, आणि खाटेशेजारी बसण्याचे काम जावयाकडे आले होते.

या जावयावर सासऱ्याचा राग जुना होता, आणि त्या खोऱ्याच्या रिवाजाने पाहता तो अगदीच अन्यायाचाही नव्हता.

जावयाने लग्नाच्या पंगतीत रुसायचे असते. पान वाढले की घास न घेता पाठ फिरवून बसायचे, बोलायचे नाही, मग साऱ्या वऱ्हाडाने त्याची मनधरणी करायची, आणि शेवटी सासऱ्याने चारचौघांत विचारायचे, 'काय पाहिजे?' विचारल्यावर जावई जे मागेल ते दिल्याशिवाय सुटका नाही. रखमाजीने मोठ्या हौसेने एक काळी, पांढऱ्या कानांची शेळी मांडवामागे आणून बांधली होती. जावई रुसेल, शेळी मागेल, आपण आढेवेढे घेऊ, मग देऊ, आणि हिर्डोशी वर्षभर बोलत राहील, असा त्याचा बेत होता. पण पान समोर येताच एवढ्या डोळ्यांच्या ओझ्याने भांबावून गेनूने पहिला घास तोंडात टाकला. शेजारी बसलेल्या त्याच्या सख्ख्या मामाने चिमटा काढला तेव्हा तो घास गिळून बसला होता.

शेळी पुन्हा गोठ्यात गेली. न रुसता दिले तर ते भीक घातल्यासारखे दिसते, म्हणून रखमाजीने ती पुढे कधी दिली नाही. 'रुसाया बी अक्कल लागती,' असे मात्र तो येता-जाता ऐकवी.

दवाखान्यात आल्यावर पहिले काही दिवस त्या ओळीतल्या कुणालाही शांतता लाभली नाही. पट्टी बांधणाऱ्या नर्सबाईंना रखमाजीने विचारले, "बाई, पाय बांधताय का गवताचा भारा?" पेजेला त्याने भिंतीचा चुना म्हटले. खाट कुरकुरली म्हणून सुताराच्या पिढ्या उद्धरल्या. चिंचेवरच्या कावळ्यांनासुद्धा त्याच्याकडून काही ना काही ऐकावे लागले.

डॉक्टर सबनीस आले की मात्र हाच माणूस हात जोडून म्हणे, "झ्याक हाय, सायेब."

त्यामागे त्याचा स्वतःचा विचार होता. ज्याच्या हातचे औषध घ्यायचे त्याच्या तोंडावर 'गुण नाही' म्हणणे म्हणजे पंगतीत बसून यजमानाला कालवण नासले म्हणून सांगणे. शिवाय कुण्या एका माणसाने 'दुखतंय' म्हटले आणि डॉक्टरने त्याचा पायच कापून ठेवला, अशी एक गोष्ट त्या खोऱ्यात सांगितली जाई. त्या माणसाचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते, पण पाय डावा होता याबद्दल एकमत होते. रखमाजीचाही डावाच होता.

डॉक्टर भला माणूस होता, पण खोऱ्यातले सारे दुखणे त्याच्या एकट्याच्या दारात येई. तो विचारी, "काय रखमाजी, कसं काय?" उत्तर ऐके आणि पुढच्या खाटेकडे वळे.

मग त्या सकाळी रखमाजीने पेज न बोलता प्याली. नर्सबाईंना 'माय' म्हणाला. हैबतीला कनवटीची विडी काढून दिली. कावळे ओरडत राहिले, त्यांना कुणी काही म्हणाले नाही. खाटांच्या ओळीने सुटकेचा निःश्वास टाकला. कंपाउंडर आनंदराव औषधाची बाटली उजेडात धरून म्हणाला, "लागू पडलं बघा."

फक्त गेनूला ते पटले नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नसतो, आणि दोन वर्षे त्याने मान खाली घालून हा एकच आवाज ऐकला होता. ओढ्याच्या काठी राहणाऱ्याला ओढा ऐकू येत नाही, तो थांबतो तेव्हाच काहीतरी गेल्याची जाणीव होते. तसे त्याला झाले. मग तो पाहू लागला. दुपारी ऊन तापले की रखमाजी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून कुडकुडे. डावा पाय तो घोंगडीखालून बाहेर काढीनासा झाला होता. एकदा घोंगडी सरकली तेव्हा पट्टीखालून आलेली बोटे गेनूला दिसली. सुजलेली, ताणलेली, तेल लावल्यासारखी चकाकणारी. आणि एक आंबूस वास.

"मामा, पाय दुखतुया का?"

"न्हाई रं बाळा. तू हाईस की जवळ."

गेनूला रडू येईल की काय असे वाटले.

आनंदरावला त्याने चाचरत विचारले, ताप आहे का. आनंदराव म्हणाला, "सकाळी पाहिला. नाही." आनंदराव ताप सकाळीच पाही. सकाळी खरोखरच नसे.

तेव्हा डॉक्टरांनाच सांगायचे ठरवून गेनू चिंचेखाली गेला आणि एक वाक्य घोकू लागला: 'साहेब, मामांचं लक्षण बरं न्हाई.' वाक्य लहान होते, पण अवघड होते. आजाऱ्याच्या उशाशी असे बोलणे त्या डोंगरांत अभद्र मानत. बोलले की ते दाराशी येऊन उभे राहते. शिवाय सासरा स्वतः 'झ्याक हाय' म्हणत असता जावयाने 'न्हाई' म्हणायचे, म्हणजे चारचौघांत त्याला खोटे पाडायचे. डॉक्टर समोर आले तेव्हा घोकलेल्या वाक्यातले सगळे शब्द गेनूने एकेक करून गाळले, आणि जे उरले ते बोलला.

"साहेब, मामा... गोड बोलाया लागलेत."

डॉक्टर हसले. "अरे वा. मग तुमचं भाग्य उघडलं म्हणायचं."

सारी ओळ हसली. गेनूही हसला, कारण सगळे हसत होते. त्या हसण्याची लाज मात्र त्याच्याबरोबर दुपारपर्यंत राहिली.

तो पडवीत सासूकडे गेला. बाळाबाई चुलीपाशी बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही तेज होते की गेनू क्षणभर उंबऱ्यातच थांबला.

"आत्या, मामांचं काय तरी बिनसलंय."

"काय बिनसलंय?" बाळाबाईने भाकरी उलटली. "आज मला काय म्हनले ठावं हाय? म्हनले, तू जेवलीस का."

गेनू चुलीजवळ खाली बसला.

"लगीन झालं तवा म्या एवढीशी व्हते पाव्हणं, आता केस पिकलं. भाकरी करपली ते सांगितलं, मीठ चुकलं ते सांगितलं. म्या जेवले का उपाशी, ह्ये त्यांनी कदी इचारलं न्हाई. आज इचारलं." तिने पदराने डोळे पुसले आणि धुराला दोष दिला. "आन तुमी म्हनताय बिनसलंय."

"तसं न्हाई, आत्या..."

"चार दिस बोलत्यात गोड, तर बोलू द्या की. दिष्ट लावू नका."

तिने त्याच्यापुढे ताटली ठेवली. भाकरी, त्यावर पिठलं, बाजूला कांदा. गेनूने एक तुकडा मोडला. तो तोंडापर्यंत गेला आणि तिथून परत आला. पत्र्याच्या फटीतून आलेले ऊन त्या भाकरीवर पडले होते, आणि एवढ्या साध्या, उबदार वस्तूसमोर त्याला आपण फार एकटे असल्यासारखे वाटले. तो उठला, ताटली तशीच ठेवून बाहेर गेला, आणि चिंचेखाली दवाखान्याकडे पाठ करून बसला. डोळे भरले होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्याने मुंडासे कपाळावर ओढले आणि तोंड गुडघ्यांत घातले.

बाळाबाई ताटली घेऊन मागोमाग आली. "पाव्हणं, दोन घास खाऊन घ्या."

गेनूने तोंड दुसरीकडे फिरवले.

"माझ्या बोलन्याचा राग आला का?"

गेनू बोलला नाही. बोलला असता तर रडला असता.

बाळाबाई दुसऱ्या बाजूला गेली. गेनूनेही बाजू बदलली. खिडकीतून हैबती हे सारे पाहत होता. मोडलेला हात गळ्यात अडकवून पडून राहिलेल्या माणसाला एवढी करमणूक कित्येक दिवसांत लाभली नव्हती. त्याने पाठ पाहिली, ओढलेले मुंडासे पाहिले, न शिवलेली भाकरी पाहिली, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आरं," तो ओळीकडे वळून म्हणाला, "जावई रुसला."

ही बातमी खाटांवरून पुढे कशी सरकली ते कळले नाही, पण थोड्याच वेळात ज्यांना उठता येत होते ते सगळे चिंचेखाली जमले. गुरवाची एक म्हातारी काठी टेकीत आली. मांडीला गळू झालेला वाणी दोघांच्या खांद्यावर आला. कुणीतरी सांगितले की याचे लग्नातले रुसणे राहून गेले होते, आणि मग तर सगळ्यांनाच ते उरकून टाकण्याची घाई झाली.

"आवं जावयबापू, असं उपाशी बसू ने."

"धोतर पाहिजे का? मान हलवा नुसती."

"धोतरानं काय व्हतंय? अंगठीबिगर ह्यो उठत न्हाई बगा."

"आवो, पर सासरा तर आत खाटंवर हाय. देनार कोन?"

"आदी रुसू तर द्या सरळ."

गेनू पाठ करून बसला होता. प्रथम त्याला काही कळेना. मग कळले, आणि कान तापले. उठून सांगावे की मी रुसलो नाही, असे त्याच्या मनात आले. पण तोच दुसरे काही ध्यानात आले आणि तो तसाच बसून राहिला. जन्मभर तो गप्प राहिला होता आणि जन्मात कुणी थांबून विचारले नव्हते की तू गप्प का. आज वीसेक माणसे, काहींना धड उभेही राहता येत नव्हते, त्याच्या पाठीभोवती गोळा होऊन तेच विचारीत होती. त्याने मुंडासे आणखी खाली ओढले.

"काय पक्का हाय," हैबती कौतुकाने म्हणाला.

दुपारच्या फेरीला आलेल्या डॉक्टरांना खाटा रिकाम्या दिसल्या. ते बाहेर आले. "हे काय चाललंय?"

नर्सबाईंनी सांगितले. डॉक्टरांनी रागावण्यासाठी तोंड उघडले, आणि मिटले. त्यांनीही आपल्या लग्नात एका सायकलीसाठी तीन पंगती भिंतीकडे तोंड करून काढल्या होत्या, हे भोरात पुष्कळांना ठाऊक होते. या बाबतीत ते कुणाला नावे ठेवू शकत नव्हते.

त्यांनी गळ्यातली नळी नीट केली, जावयापुढे येऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "सासरे आजारी आहेत, तेव्हा त्यांच्या वतीने मी विचारतो. काय पाहिजे, जावईबापू?"

विचारल्यानंतर नाही म्हणता येत नाही, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होते.

गेनूने मुंडासे वर केले. त्याचे डोळे लाल होते.

"मामांची पट्टी सोडा," तो म्हणाला. "आत्ता. समदी."

"शेळी माग की," मागून कुणीतरी कुजबुजले.

डॉक्टर गोंधळले. "पट्टी परवा सोडायची आहे. जखम बंद राहिली तर लवकर धरते. आणि रखमाजी स्वतः रोज सांगतात, बरं आहे."

"बरं असतं तर त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या." गेनू आता थांबेना. "रोज देत्यात. हलकी असली तरी एक तरी देत्यात. आता मला बाळ म्हनत्यात."

वाणी हसला. हैबती हसायला निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला.

"सायेब," तो सावकाश म्हणाला, "मला बी इडी दिली त्यांनी. म्या मागितली बी नव्हती."

"मला माय म्हणाले," नर्सबाई म्हणाल्या, आणि आपल्याच बोलण्याने दचकल्या.

डॉक्टरांनी बाळाबाईकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. ती ताटली हातात धरून उभी होती. सकाळपासून जपलेली एकच गोष्ट तिच्याजवळ होती, आणि ती सांगितली की तिची किंमत काय होणार हे तिला आता कळले होते. गेनूला वाटले, ती सांगणार नाही. आणि न सांगण्याचा तिला हक्कच आहे.

"मला इचारलं," बाळाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "तू जेवलीस का म्हनून." मग ताटली खाली ठेवून म्हणाली, "ह्ये त्यांचं बोलनं न्हवं, सायेब."

डॉक्टर उठले आणि जवळजवळ धावतच आत गेले.

रखमाजी घोंगडीखाली कुडकुडत होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, नाडी धरली, घोंगडी बाजूला केली, आणि त्यांचा चेहरा बदलला. "झ्याक हाय, सायेब," रखमाजी म्हणाला. या वेळी डॉक्टरांनी त्याला काहीच विचारले नाही. पट्टी सुटली, टाके सुटले. आत साचलेले बाहेर आले तेव्हा ओळीतल्या सगळ्यांनी नाकाला पदर आणि उपरणी लावली. गेनूने सासऱ्याचे खांदे धरून ठेवले होते. म्हाताऱ्याचे हाड एवढे हलके असेल अशी त्याने कधी कल्पना केली नव्हती.

जांभळ्या औषधाच्या पाण्याने जखम पुन्हा पुन्हा धुतल्यावर डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"परवापर्यंत थांबलो असतो तर पाय राहिला नसता. कदाचित माणूसही. पुढच्या वेळी रुसू नका हो, सरळ सांगा."

"सांगितलं व्हतं," गेनू जमिनीकडे पाहत म्हणाला. "गोड बोलत्यात म्हनून."

त्या दिवसापासून आनंदराव दुपारीही ताप पाहू लागला.

पुढचे दिवस वाईट गेले. रखमाजी गुंगीत पडून असे, मधूनच कुणाला तरी गोड हाक मारी, आणि ती हाक ऐकली की सगळी ओळ धास्तावे. बाळाबाई पायथ्याशी बसून राही. कावळे ओरडले की सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत.

मग एका सकाळी नर्सबाईंनी पेजेचा चमचा त्याच्या ओठांना लावला. रखमाजीने एक घोट घेतला आणि डोळे उघडले.

"चुना," तो क्षीण आवाजात म्हणाला. "भितीचा चुना पाजताय काय."

हैबतीने चांगल्या हाताने मांडीवर थाप मारली. गुरवाच्या म्हातारीने हात जोडले. नर्सबाई एवढ्या हसल्या की पेज सांडली, आणि त्यावरूनही रखमाजीने काही सुनावले. गेनू खाटेच्या कडेला उभा होता. सासऱ्याची नजर त्याच्यावर आली.

"ह्यो मुका हितंच हाय का अजून? घरी गुरं कोन बघतंय?"

गेनू नुसताच आनंदाने हसला. उत्तर हैबतीने दिले, आणि तिखटमीठ लावून चिंचेखालची सारी हकीकतही सांगितली. रखमाजी ऐकत गेला तसा त्याचा चेहरा काळवंडत गेला.

"म्हंजी म्या हितं मराया टेकलो, आन ह्यो भाईर रुसला?"

"व्हय."

"आन सायबानं इचारलं, काय पाहिजे?"

"चारचौगांत."

"मागितलं काय?"

"तुमची पट्टी सोडा म्हनला."

रखमाजीने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचे दुःख होते.

"येड्या," तो गेनूला म्हणाला, "रुसनं जल्मात एकदा असतंय. ते पट्टीवर घालवलंस व्हय? दोन वर्सं म्या ती शेळी कुनाच्या जिवावर सांबाळली? तिला पिल्लं झाली, पिल्लांस्नी पिल्लं व्हायची पाळी आली. आता देऊ कशी ती? काय म्हनून देऊ?"

"नका देऊ, मामा," गेनू म्हणाला.

"ह्ये बगा. मागाया बी येत न्हाई, आन नको म्हनाया कसं येतंय."

याच वेळी बाळाबाई भाकरीची ताटली घेऊन दारात येऊन थांबली होती. नवऱ्याचा आवाज तिने बाहेरूनच ऐकला होता. आत येताना तिने पदर सारखा केला, आणि चेहराही. वर्षानुवर्षांच्या सवयीचा तो चेहरा तिने पुन्हा घातला. गेनूने तिच्याकडे पाहिले आणि नजर वळवली. त्याने तिच्याकडून काय काढून घेतले होते, हे त्याच्याइतके तिथे कुणालाच ठाऊक नव्हते.

रखमाजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळे झाले होते.

"तू काय बगत उबी ऱ्हायलीस?" तो खेकसला. "गिळलंस का न्हाई सकाळधरनं?"

बाळाबाईच्या हातातली ताटली जराशी कलली.

"न्हाई अजून," ती म्हणाली.

"मंग गिळ की. का म्या भरवू?"

बाळाबाईने एकदा गेनूकडे पाहिले. मग ती खाटेच्या पायाशी बसली, आणि नवऱ्याच्या आधी, त्याच्या देखत, किंचित पाठ वळवून जेवू लागली. भाकरी करपली असल्याचे रखमाजीने तिला पडल्यापडल्याच सांगितले. ती 'व्हय' म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

गेनू खिडकीपाशी उभा होता. बाहेर चिंचेचा पाला उन्हात हलत होता, आणि आत कावळ्यांना शिव्या पडत होत्या. त्यालाही फार भूक लागली होती. पण ते कसे सांगावे, हे त्याला अजून सुचले नव्हते.